शेषेरावांचा पुतळा

हरिओमपुढं संकट एकच होतं. अकरा वाजता नायगावात चाळीस पोरापोरींचं नाट्यशिबिर सुरू व्हायचं होतं, आणि आदल्या संध्याकाळी नावं विचारली तर सगळे तोंडात गुळणी धरून बसले होते. त्यांना बोलतं करायला खेळ हवे होते. ते आधी घरच्या माणसावर करून बघावेत म्हणून त्यानं सकाळीच वडिलांना, शेषेरावांना, गाठलं.

"बाबा, पुतळ्याचा खेळ. मी कायबी करीन. हसलात नाहीतर हललात, की हरलात."

पैज म्हटली की हा माणूस जेवण सोडून उठायचा. "हरलो तर माझी तंबाखू बंद. जिंकलो तर तू नाटक-बिटक सोडून उद्यापासून आपल्या खताच्या दुकानात बसायचं. हाय कबूल?"

हरिओम 'हाव' म्हणून मोकळा झाला. शेषेराव तिथंच ओसरीवर उताणे पडले, डोळे मिटले आणि पुतळा झाले.

हरिओमनं माकड केलं, कोंबडा केला, सरपंचांची नक्कल केली. बाबांची मिशीसुद्धा हलेना. डोळ्यांपुढं युरियाची पोती दिसायला लागली, तसा त्यानं ठेवणीतला अभिनय काढला. छाती बडवून ओरडला, "बाबा, मला टाकून कुठं गेलात हो!"

नेमकी तेव्हाच शेजारची चतुराबाई विरजण मागायला दारात आली. हातातली वाटी टाकून ती बोंबलत गल्लीत पळाली. झालं! पाच मिनिटांत अंगण भरलं.

"अहो काकू, खेळ चाललाय!"

"धसका घेतला गं बाई लेकरानं!"

हरिओम बाबांच्या तळपायाला गुदगुल्या करायला धावला, तर बायांनी त्याला धरून मागं ओढलं. "धोंडप्पाकाका, तुम्ही तरी नाकाशी हात धरून बघा!" समोरच्या धोंडप्पांनी बोटं धरली. शेषेराव पक्के बिलंदर, त्यांनी श्वास कोंडून घेतला. धोंडप्पांनी डोळ्यांना रुमाल लावला.

बातमी मोबाइलवरून शिबिरापर्यंत पोचली. चाळीसच्या चाळीस पोरं येऊन अंगणात खाली माना घालून बसली. इथंही गुळणी तीच. हरिओमला आता खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून शेषेरावांची धाकटी बहीण नागाबाई हंबरडा फोडत आली. आपल्याकडच्या बाया रडताना गेलेल्याचं सगळं आयुष्य बोलून दाखवतात, तशी तीही सुरू झाली. "दादा रे! लहानपणी बांधावरच्या कुस्तीत मी तुला चीत केलं रे! आजवर कुणाला सांगितलं न्हाई रे माझ्या वाघा!"

शेषेराव ताडकन उठून बसले. "खोटं! चिखलात पाय घसरला व्हता माझा!"

चतुराबाई किंचाळून धोंडप्पांच्या अंगावर पडली. समीक्षा नावाची एक पोरगी फिसकन हसली, आणि चाळीसजण लोळायलाच लागले. "आत्या, खरंच चीत केलं?" "कोणता डाव टाकला?" "सर, आम्ही करून दाखवू?" बघता बघता अर्धे शेषेराव झाले, अर्धे नागाबाई, आणि अंगणात वीस कुस्त्या जुंपल्या. हरिओमनं खेळांची यादी गुपचूप खिशात घातली. शिबिर तिथंच सुरू झालं.

शेषेरावांनी मुकाट्यानं कनवटीची तंबाखूची पिशवी काढली आणि बहिणीच्या हातावर ठेवली.

"नीट ठेव. उद्या परत खेळायचं हाय," ते म्हणाले. "आन उद्या तू यायचं न्हाईस."