प्रोसेसर, मदरबोर्ड आणि संगनमताचा संशय

आमच्या साउसेमायु गावातल्या नागरी नोंदणी कार्यालयाचा संगणक मंद झाला होता, हे कोणालाही नाकारता येण्यासारखे नव्हते. जन्माची एक नोंद उघडायला सांगितली की निबंधक दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एल्विरा साम्ब्राना खुर्ची मागे सरकवत, चौक ओलांडून बाजारात जात, कासिमिराच्या गाड्यावर जांभळ्या मक्याचे गरम आपी पीत, गावातली ताजी भांडणे ऐकून घेत आणि परत येत. तोवर पडद्यावर आडनावाचे पहिले अक्षर उमटलेले असे. लोकांची तक्रार नव्हती. बोलिव्हियात जन्माला आलेल्या माणसाने आपल्या जन्माचा पुरावा मिळण्यासाठी थोडे थांबावे, यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

तरीही दोन्या एल्विरांनी राजधानीला अर्ज केला. उत्तर आश्चर्यकारक वेगाने आले. काटकसरीच्या धोरणामुळे नवा संगणक मंजूर करता येत नाही. तथापि, विद्यमान संगणकाचे 'बलवर्धन' करण्याची तरतूद आहे. बलवर्धनात तीन वस्तू मिळतील: प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, मदरबोर्ड, म्हणजे तो मेंदू ज्यावर बसतो ती पाटी, आणि पॉवर सप्लाय, म्हणजे या दोघांना वीज पुरवणारी पेटी. तिन्ही वस्तू खात्याच्या तीन स्वतंत्र शाखा खरेदी करतील.

पहिल्यांदा प्रोसेसर आला. तो घेऊन इंजिनियर आरिएल मोंतान्यो आला. आमच्याकडे इंजिनियरला 'इंजे' म्हणतात, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याला हे संबोधन पुरेसे ऐकून झाले आहे असे वाटत होते. त्याने संगणक उघडला, आतली धूळ फुंकली, जुना प्रोसेसर काढला, नवा हातात धरला आणि तसाच परत डबीत ठेवला.

"बसत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुमच्या मदरबोर्डवरचं सॉकेट जुन्या पिढीचं आहे, दोन्या. हा नव्या पिढीचा. याचं घरच वेगळं."

"हे घ्यायच्या आधी बघायचं नसतं का?"

"कोण बघणार? प्रोसेसर एक शाखा घेते, मदरबोर्ड दुसरी. एकीनं दुसरीला विचारायला बंदी आहे."

"बंदी?"

"भ्रष्टाचारविरोधी नियम. दोन वेगळ्या पुरवठादारांचा माल एकमेकांत नेमका बसला, तर संगनमताचा संशय येतो. मागे एका कार्यालयात बसला होता. तिथली चौकशी अजून चालू आहे."

दोन्या एल्विरांनी डबीतल्या नव्या प्रोसेसरकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बरं, मग जुना परत लावा. मंद तर मंद."

"तो मला जमा करायचाय. जुना काढायचा हुकूम आहे, नवा पोचवायचाही आहे. चालू ठेवायचा हुकूम कुठंच नाही." असे म्हणून इंजेने जुना प्रोसेसर पाकिटात घातला. मंद असलेला संगणक अशा रीतीने बंद झाला, आणि बलवर्धनाचा पहिला टप्पा यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे खात्याने कळवले.

याच आठवड्यात आपीवाली कासिमिरा रोकाबादो स्वतःच चौक ओलांडून कार्यालयात आली. तिला लग्न करायचे होते.

"कोणाशी?" दोन्या एल्विरांनी विचारले, कारण कासिमिरा आणि फोर्तुनातो कोल्के एका छपराखाली राहतात हे आमच्या गावात कुत्र्यांनाही ठाऊक होते. त्यांची मुले मोठी होऊन अर्जेंटिना आणि स्पेनमध्ये पोचली होती.

"आणखी कोणाशी? त्याच म्हाताऱ्याशी. त्याचं हृदय फुगलंय, दोन्या. लहानपणी कुडाच्या घरात विंचुका किडा चावला होता, त्याचा रोग आता वसूल करतोय. कोचाबांबाच्या मोठ्या इस्पितळात पेसमेकर बसवणार आहेत. पण म्हणतात, सही घरच्या माणसाची लागेल. मी म्हटलं, मीच घरची. तर म्हणाले, कागद दाखवा."

"फोर्तुनातोची स्वतःची सही चालत नाही का?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, रोग्याचं स्वतःबद्दलचं मत पक्षपाती असतं."

नियम साधा होता. लग्न लावण्यापूर्वी दोघांच्या जन्मनोंदी संगणकावर उघडून, ती दोघे आधीच कोणाशी विवाहबद्ध नाहीत ना, याची खात्री करायची. खात्री झाली की लग्न, लग्नाचा दाखला आणि दाखल्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोडचा तो काळा-पांढरा चौकोन. दोन्या एल्विरांनी उघड्या संगणकाकडे पाहिले. मेंदूच्या जागी रिकामा चौकोन होता.

"मदरबोर्ड आला की लगेच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र त्यांनाच पटला नाही.

मदरबोर्ड आला. या खेपेला प्रोसेसर त्यात बसला, आणि इंजे इतका दचकला की त्याने दार लावून घेतले. मात्र चौकशीची भीती फार वेळ टिकली नाही. बसला खरा, पण संगणक सुरू होईना.

"आता काय?" दोन्या एल्विरांनी विचारले. बाकावर कासिमिरा बसली होती. ती हल्ली गाडा शेजारणीवर सोपवून इथेच बसत असे.

"बोर्ड याला ओळखत नाही," इंजे म्हणाला. "बोर्ड बनला तेव्हा हा प्रोसेसर बाजारात नव्हता. बोर्डाच्या आत एक छोटा प्रोग्राम असतो, तो नवा करायला हवा."

"मग करा."

"त्यासाठी बोर्ड चालू हवा. बोर्ड चालू व्हायला त्याच्या ओळखीचा प्रोसेसर हवा. याच घराण्यातला, पण थोडा थोरला."

"मागवा थोरला."

"मागच्या पिढीचा माल खरेदी करायला बंदी आहे. उधळपट्टीत धरतात."

कासिमिरा हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "इंजे, रागावू नका. मी बाजारात बसणारी बाई. पण नव्या भांड्याला झाकण घेताना आम्ही भांडं बरोबर नेतो."

"आम्हीही घरी तेच करतो, कासेरा," बाजारवालीला हाक मारायच्या शब्दात इंजे म्हणाला. "नोकरीत नाही."

मात्र तो माणूस वाईट नव्हता. दोन दिवसांनी त्याने स्वतःच्या घरच्या संगणकातला प्रोसेसर हातरुमालात गुंडाळून आणला, तो लावून बोर्डाचा प्रोग्राम नवा केला आणि नवा प्रोसेसर पुन्हा जागेवर बसवला. जुन्या पॉवर सप्लायवर दिवा लागला, पंखा फिरला आणि जोर कमी पडून लगेच थांबला. जुनी पेटी नव्या मेंदूला पुरेना. तरी दिवा लागला होता. कासिमिराने सगळ्यांना आपी पाजले.

इंजेने खात्याला कळवले की आता फक्त पॉवर सप्लाय हवा आहे. हे वाक्य त्याने लिहायला नको होते. 'आता फक्त' या शब्दांवरून खात्याच्या लक्षात आले की साउसेमायुमध्ये प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकमेकांत बसले आहेत. खात्याने पॉवर सप्लायबरोबर एक समिती पाठवली.

समितीत तीन सभासद होते, प्रत्येक शाखेचा एक. ते एकाच गाडीतून आले, पण संगनमत दिसू नये म्हणून वेगवेगळ्या टेबलांवर बसून त्यांनी साल्तेन्या, म्हणजे मांसाच्या सारणाच्या करंज्या, खाल्ल्या. मग प्रत्येकाने आपापल्या शाखेची वस्तू तपासली आणि ती निर्दोष असल्याचा दाखला दिला. तीन दाखले टेबलावर पडले. प्रमुख सभासद लिसेन्सियादो, म्हणजे पदवीधर, उर्किदी म्हणाले, "आता प्रात्यक्षिक."

इंजेने पॉवर सप्लायची पेटी उलटी केली आणि तसाच थांबला. मागच्या बाजूला विजेचा दाब निवडायचे लाल बटण होते. ते 110 वर होते, आणि त्याच्यावर खात्याचा कागद चिकटवून शिक्का मारलेला होता.

"लिसेन्सियादो, हे 220 वर करायला हवं."

"तपासणी होऊन सील केलेलं आहे ते. ला पाझमध्ये व्यवस्थित चाललं."

"ला पाझच्या तुमच्या जुन्या इमारतीत वीज 110 ची आहे. आमच्याकडे 220 ची."

"सील तोडलं तर हमी जाईल."

"नाही तोडलं तर पॉवर सप्लाय जाईल."

"मग हमी आहे ना," लिसेन्सियादो उर्किदी शांतपणे म्हणाले.

इंजेने प्लग घातला नाही. हात मागे घेऊन तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तेव्हा लिसेन्सियादोंनी स्वतः प्लग घातला. आवाज बाजारापर्यंत गेला. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्डला आणि त्यावर बसलेल्या मेंदूलाही घेऊन गेला. तिन्ही वस्तू अखेर एकाच वेळी, एकमेकींशी पूर्ण जुळवून घेऊन, जळाल्या.

समितीने तिथेच अहवाल लिहिला. तिन्ही भाग स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. दोष त्यांच्या एकत्र येण्यात आहे. सबब यापुढे त्यांना एकत्र आणू नये. गावाच्या विजेबद्दलही ताशेरा होता.

गाडी धूळ उडवत निघून गेली. कासिमिरा बाकावरून उठली नव्हती.

"सोमवारी त्याला इस्पितळात न्यायचंय," ती म्हणाली. रडली नाही. नुसती शालीची गाठ सोडत आणि परत बांधत होती. "त्याला जिना चढता येत नाही, दोन्या. काल अंगणात दोनदा बसला."

दोन्या एल्विरांनी कपाट उघडले आणि कातडी बांधणीची जुनी विवाहवही बाहेर काढली. इंजे म्हणाला, "त्या वह्या बंद करायचा हुकूम आलाय ना?"

"कुठं आला?"

"संगणकावर पाठवला होता सगळ्यांना."

"माझा संगणक बंद आहे," दोन्या एल्विरा म्हणाल्या आणि दौतीचे झाकण काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्तुनातोला खुर्चीवर बसवून चौघांनी कार्यालयात आणले. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता आणि तो दम खात खात हसत होता. कासिमिराने नवी टोपी घातली होती. बटाटेवाली आणि कोंबड्यावाली साक्षीदार झाल्या.

"आधी कोणाशी लग्न झालेलं नाही ना?" दोन्या एल्विरांनी दोघांना विचारले.

"हिनं वेळ कुठं दिला," फोर्तुनातो म्हणाला.

सह्या झाल्या. दोन्या एल्विरांनी सुबक अक्षरात दाखला लिहिला, शिक्का मारला आणि सोमवारी स्वतः त्या दोघांबरोबर बसमध्ये बसल्या, कारण आपल्या हस्ताक्षराचे शहरात काय होते हे त्यांना माहीत होते.

झालेही तसेच. इस्पितळाच्या खिडकीवरल्या तरुणाने दाखला उलटा केला, सुलटा केला. "क्यूआर कुठंय?"

"निबंधकाची सही आहे," दोन्या एल्विरा म्हणाल्या. "निबंधक मी आहे. ही मी उभी आहे."

"ते मी कशावरून मानू, दोन्या? यंत्र धरलं तर तुम्ही वाजत नाही. चौकोन हवा."

मागे रांग होती. रांगेतले लोक इस्पितळावर चिडले असते तर ठीक होते. पण ते कासिमिरावर चिडले. "एवढं कळत नाही का, बाई? हल्ली हातानं लिहिलेलं कोण घेतं?" एक चांगला शिकलेला दिसणारा गृहस्थ म्हणाला. फोर्तुनातोचे ओठ निळसर झाले होते. कासिमिराने त्याला भिंतीशी टेकवले आणि त्याचे डोके आपल्या खांद्यावर घेतले.

दोन्या एल्विरा बाकावर बसल्या. प्रवासासाठी घेतलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी तो बराच वेळ निरखला. मग त्याच पिशवीतून नखे कापायची कात्री, डिंक आणि कार्यालयाचा शिक्का काढला, पुड्याच्या मागच्या बाजूचा क्यूआरचा चौकोन कापला, दाखल्याच्या कोपऱ्यात डिंकाने चिकटवला आणि अर्धा चौकोनावर, अर्धा कागदावर असा सरकारी शिक्का उमटवला. तेवीस वर्षांच्या नोकरीत इतका ठळक शिक्का त्यांनी मारला नव्हता.

त्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. तरुणाने यंत्र चौकोनावर धरले. ते वाजले.

"आता कसं," तो म्हणाला. "आधीच लावून आणायचं ना."

त्याने कासिमिराची सही घेतली आणि फोर्तुनातोला आत नेले. दोन्या एल्विरांना राहवले नाही. "पडद्यावर काय आलं हो?"

"काही नाही. आमच्या संगणकाचं बलवर्धन चालू आहे, प्रोसेसर यायचाय. पण वाजलं ना."

पेसमेकर नीट बसला. डॉक्टरांनी सांगितले की यंत्र आणि तारा एकाच खोक्यातून आल्या होत्या. दोन्या एल्विरांनी ही गोष्ट कोणापुढे बोलू नका अशी त्यांना विनंती केली. फोर्तुनातो संध्याकाळी जागा झाला आणि कासिमिरा त्याच्याजवळ बसली होती, कायद्याने, बायको म्हणून. बाहेरच्या बाकावर दोन्या एल्विरांनी आपल्या फोनने तो चौकोन उघडून पाहिला. आत जाहिरात होती: संत्र्याच्या स्वादाची नवी बिस्किटे आली होती.

गावात ही बातमी लपली नाही. मला वाटले होते, लोक हसतील. पण दुसऱ्याच आठवड्यात कार्यालयासमोर रांग लागली. ज्यांच्याकडे शिक्क्याचे, सहीचे, अगदी खरे दाखले होते ते लोक ते दाखले आणि बिस्किटांचा एकेक पुडा घेऊन आले होते. शाळा, बँक, लष्कर, परदेशी वकिलात, सगळीकडे ते दाखले वाजले. आजवर एकही परत आलेला नाही.

तुम्ही हे वाचून आमच्या गावाला हसला असाल, तर हसा. मग उठा आणि कपाटातले आपले कागद काढा. त्यांच्या कोपऱ्यातही तसाच चौकोन असेल, आणि तो दाखवून तुम्ही शिकलात, नोकरीला लागलात, तुमचे लग्न झाले. तो उघडून आत काय लिहिले आहे ते तुम्ही एकदा तरी वाचले आहे का?