ठोकळ्याची हजेरी

निरुपयोगी वस्तूचा उपयोग शोधणे हे जोखमीचे काम असून ते एकट्यादुकट्या माणसावर सोपवू नये. त्यासाठी संस्था लागते. आमच्या गावात अशी संस्था होती. तिला ग्रामपंचायत म्हणत.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास गावात वीज आली, पंचायतीच्या विहिरीवर मोटार बसली आणि इतकी वर्षं पाणी ओढणारं डिझेल इंजिन सेवानिवृत्त झालं. त्याचं चाक, पिस्टन आणि टाकी ग्रामस्थांनी सुरक्षिततेच्या दृष्टीने आपापल्या घरी हलवली. उरला तो ब्लॉक, म्हणजे मधला ओतीव लोखंडाचा ठोकळा. तो कुणालाच उचलेना, म्हणून सार्वजनिक राहिला. (सार्वजनिक मालमत्ता टिकवण्याचा याहून खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही.)

ठोकळ्याचा योग्य उपयोग शोधावा, तोवर त्याला चावडीत ठेवावे, असा ठराव झाला. बैल जुंपून, पहारी लावून तो चावडीत आणला गेला. प्रथम दाराला अडसर म्हणून लावून पाहिला, तेव्हा दोन दिवस चावडी उघडेना. मग बसायला वापरला. उन्हाळ्यात तो भाजे, थंडीत बोचे, आणि धोतराला बारमाही काळं लागे. अखेर मागच्या भिंतीशी, भिमाजीच्या जागेवर, त्याला सरकवून दिलं.

भिमाजीची जागा रिकामीच होती. हा निवडून आलेला सभासद, पण निवडून आल्यापासून तो लोणावळ्यात मेव्हण्याच्या चिक्कीच्या दुकानी बसे आणि जनतेची सेवा तिथूनच करी. पंचायतीत एकूण पाच सभासद, सभेला तिघे लागत. सरपंच गोरखअण्णा आणि कस्तुराबाई नेमाने येत. उरलेले दोघे एकमेकांविरुद्ध दावा लढत असल्याने वडगावच्या कोर्टात असत. त्यामुळे दर सभा तहकूब होई, आणि तिच्याबरोबर ठाकरवाडीच्या टाकीचा विषयही.

ठाकरवाडी गावाच्या वर, डोंगरात. तिथल्या झऱ्याचं पाणी वाडीला वळसा घालून भिमाजीच्या भातखाचरात उतरे, आणि वाडीच्या बाया हंडा घेऊन पाण्याच्या मागोमाग उतरत. झऱ्याला टाकी बांधा, एवढीच मागणी होती. ती घेऊन वाडीची चिमाबाई दर सभेला पायरीवर येऊन बसे. गेल्या पावसाळ्यात तिची सून भरल्या हंड्यानिशी घसरली होती आणि पोटातलं मूल गेलं होतं. हे चिमाबाईने एकदाच सांगितलं. पुढे ती नुसतं “टाकी” म्हणे.

त्या दिवशीही पाऊस होता. सरपंच नेहमीप्रमाणे म्हणाले, “एक माणूस कमी हाय, मावशी. पुढल्या महिन्यात बगू.”

चिमाबाई आत गेली. डोक्यावरचं इरलं काढून तिने ठोकळ्यावर ठेवलं आणि परत पायरीवर येऊन बसली. चावडी आतूनही गळत असल्यामुळे सभासदाने इरलं घेऊन बसणं नियमाला धरूनच होतं.

थोड्या वेळाने ग्रामसेवक आले. पुण्याचे गृहस्थ, नुकतेच बदलून आलेले, एक डोळा सदैव परतीच्या एस.टी.कडे. त्यांनी दारातूनच मोजलं. “एक, दोन, तीन. ते कोण?”

“भिमाजीच्या जाग्यावर हाय त्ये,” चिमाबाई म्हणाली. (हे विधान पूर्णपणे खरं होतं.)

सरपंचांनी कस्तुराबाईंकडे पाहिलं. कस्तुराबाईंनी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली. खरं सांगितलं, तर सभा तहकूब होऊन त्याच विषयासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा यावं लागणार होतं. टाकीचा ठराव एकमताने मंजूर झाला. अंगठा घ्यायला चिमाबाईच कागद घेऊन गेली आणि ठोकळ्यावर दाबून घेऊन आली.

“अंगठा जरा मोठा आहे,” ग्रामसेवक म्हणाले.

“कामाचा मानूस हाय,” कस्तुराबाई म्हणाल्या.

तेव्हापासून ठोकळ्याने एकही सभा चुकवली नाही. त्याने कधी भत्ता मागितला नाही, जावयाला कंत्राट मागितलं नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडलं नाही. पावसाळा सरला तरी इरलं उतरवलं नाही, याला साधी राहणी म्हणतात. ब्लॉक ऑफिसकडून त्याच्या हजेरीबद्दल प्रशस्तिपत्रही आलं.

टाकीचं खोदकाम सुरू झाल्याची बातमी लोणावळ्याला पोचली आणि भिमाजी भर सभेत शिरला.

“ह्यो ठराव मी केलाच न्हाई! मी हितं नव्हतोच!”

“आपण कोण?” ग्रामसेवकांनी विचारलं.

“मी भिमाजी!”

“भिमाजीराव ते तिथे बसले आहेत.”

भिमाजीने जाऊन इरलं ओढलं.

ग्रामसेवक ठोकळ्याकडे बघत राहिले. पायरीवर चिमाबाईने पदर तोंडात धरला. आता ठराव जाणार, टाकी जाणार, आणि पुन्हा ती घसरडी वाट. कस्तुराबाईंचा अडकित्ता थांबला होता.

ग्रामसेवकांच्या मनात मात्र टाकी नव्हती. हे लोखंड असेल तर आपण सहा महिने लिहिलेलं सगळं खोटं, आणि नोकरी गेली हे मात्र खरं, असा हिशोब ते करत होते. मग ते उठले, इरलं उचललं आणि होतं तसं ठेवलं.

“सभासदांना थंडी वाजेल,” ते म्हणाले. “आणि तुम्ही असं बघा. तुम्ही भिमाजी असाल, तर लागोपाठ सहा महिने गैरहजर, म्हणजे सभासदत्व रद्द. नसाल, तर सभेत बोलायचा अधिकार नाही. काय लिहू?”

आता हिशोब भिमाजी करू लागला. चिक्कीच्या दुकानाच्या पाटीवर त्याच्या नावापुढे ‘ग्रा. पं. सदस्य’ असं नुकतंच रंगवलेलं होतं.

“हजर लिवा,” तो शेवटी म्हणाला.

“सगळ्या सभांना?”

“व्हय. सगळ्या.”

होळीच्या आत टाकी भरली. चिमाबाईच्या सुनेने पहिला हंडा घेतला आणि सपाट वाटेने घरी नेला. पुढल्या निवडणुकीत ठाकरवाडीने एकमुखाने ठोकळ्याला उभं करा म्हणून सांगितलं. वयाचा दाखला मिळेना, म्हणून ते राहिलं.

हे वाचून शहाणेसुरते वाचक हसतील, आणि हसायला हरकत नाही. फक्त हसून झाल्यावर आपल्या वॉर्डाच्या सभासदाचं नाव सांगा.

(घाई नाही. मी थांबतो.)