तीर्थरूपांच्या उजव्या पायाची हकीकत

घरच्या वडीलधाऱ्यांनी आज्ञा केली की, डॉक्टरांचे घरी गाडीचे ब्रेक व सस्पेन्शन बदलावयाची जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत मुळापासून, तिखटमीठ न लाविता लिहावी. त्यास आज्ञेप्रमाणे लिहितो. तिखटमीठ अगदीच लागले नाही ऐसे नव्हे, परंतु बोल्ट जितके सांगितले तितकेच होते, याची लेखक हमी देतो.

डॉक्टर म्हणजे दातांचे. माणूस सालस, हात हलका, परंतु वेगाची हौस जबर. पदरी एक करडी गाडी, जिचे बॉनेटाखाली चारशे अश्वांचे बळ. ती आठवडाभर दवाखान्याचे दाराशी गरीब गायीसारखी उभी राहे, आणि महिन्यातील एका रविवारी शहराबाहेर शर्यतीचे ट्रॅकवर जाऊन चौखूर उधळे. डॉक्टरांचे तीर्थरूप चौतीस वर्षे बस चालवून निवृत्त जाहलेले. त्या चौतीस वर्षांत त्यांनी ब्रेक दाबिला आणि उभ्या उतारूचा तोल गेला, ऐसे एकदाही घडले नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत; विचारावे लागे, आणि मग मात्र थांबवावे लागे.

गतवर्षी डॉक्टरांनी मोठ्या हौसेने तीर्थरूपांस शेजारी बसवून ट्रॅकवर नेले. चार फेऱ्या उत्तम जाहल्या. पाचवे फेरीस लांब सरळ रस्त्याचे अखेरीस ब्रेक दाबिला, तो ब्रेकचे तेल तापून उकळलेले, पेडल बिनबोभाट तळास गेले, आणि गाडी वळण सोडून खडीचे मैदानात शिरली व धुरळ्यात उभी राहिली. इजा कोणास नाही. परंतु तीर्थरूपांचे पुढ्यात ब्रेक नसताही त्यांनी उजवा पाय ऐसा दाबिला की, टाचेचा खळगा पायाखालील मॅटवर उमटला, तो अद्याप आहे. मग तीर्थरूप उतरले, विजार झटकिली, आणि फर्मान सोडिले की, ज्या गाडीस थांबता येत नाही तीत आम्ही बसणार नाही. आणि पायी फाटक गाठून बसने घरी आले.

तेव्हापासून दर गुरुवारी तीर्थरूप आपल्या जुन्या कंडक्टर दोस्ताचे घरी दोन बसा बदलून जात. डॉक्टर गाडी दाराशी आणून म्हणत, "बाबा, सोडतो की." तीर्थरूप म्हणत, "साडेदहाची बस आहे." इतकेच. परंतु या उत्तराने डॉक्टरांस घास गोड लागेना. ज्यांच्या मांडीवर बसून प्रथम स्टिअरिंग धरिले, त्यांनीच आपल्या गाडीकडे पाठ फिरवावी, हे शल्य फार मोठे.

मग खलबत बसले. त्यात डॉक्टर, डॉक्टरांची पत्नी आणि पत्नीचा भाऊ, म्हणजे मेहुणेराजे. मेहुणेराजे शाळेत भूगोल शिकवीत, आणि याविषयी त्रेचाळीस व्हिडिओ पाहून पारंगत जाहले होते. ठराव ऐसा की, परातीएवढ्या नव्या डिस्क, सहा पिस्टनांचे कॅलिपर, ट्रॅकचा ताप सोसणारे पॅड व तेल, आणि उंची कमीजास्त होणारे नवे स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर, ऐसा सरंजाम आणून काम घरीच करावे. मेहुणेराजांनी ग्वाही दिली की, दोन तासांचे काम आहे. ही ग्वाही इतिहासात ज्यांनी ज्यांनी दिली, त्यांचे काय जाहले ते सर्वांस ठाऊक.

दोन रविवार मोहीम चालली. गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढविली, चाके उतरली. तीर्थरूप गॅरेजचे दाराशी खुर्ची टाकून मटार सोलीत बसले. पाहत होते सर्व, बोलत नव्हते काही. पहिला जुना बोल्ट गंजून ऐसा रुतला होता की, मेहुणेराजे पान्यावर उभे राहिले तरी ढळेना. मग डॉक्टरांनी दवाखान्यातील दात पाहावयाचा लहान आरसा आणिला, बोल्टाचे पाठीमागे धरिला, औषध शिंपडिले, आणि सवयीने म्हणाले, "जरा दुखेल हं." बोल्ट सुटला. तो आरसा मात्र परत दवाखान्यात नेऊ नये, ऐसा हुकूम पत्नीकडून तत्काळ जाहला.

दुसरे रविवारी अकरा वाजेतो सर्व जोडून जाहले. पत्नी पेडलवर बसल्या, मेहुणेराजे चाकाशी, "दाबा," "धरा," "सोडा," ऐसा पुकारा होऊन तेलातील हवा काढिली, पेडल दगडासारखे घट्ट जाहले. गाडी घोड्यांवरून उतरविली आणि फत्ते जाहली ऐसे समजून तिघे गल्लीत निघाले, तो पहिल्याच गतिरोधकावर गाडीने ऐशी उडी घेतली की, पत्नींचा चष्मा मांडीवर आला. मेहुणेराजांनी शॉक ॲब्सॉर्बर बारा खटके मऊ केले, व्यर्थ. आणखी सहा, व्यर्थ. गाडी दोन बोटे उंचही दिसो लागली, आणि तिघे तोंड उतरवून परत आले.

गाडी दारात शिरली तो तीर्थरूपांनी चाक आणि मडगार्ड यांमधील फट पाहिली. हातातील शेंग सोलून पुरी केली. आणखी एक सोलिली. मग राहवेना.

"सांध्यांचे नट कधी आवळलेत? चाकं लोंबकळत असताना?"

"हो," मेहुणेराजे म्हणाले, "तेव्हाच तर हात पोचतो."

तीर्थरूप म्हणाले, "मग सांध्यांतले रबरी बुश तसेच पिळून बसले. आता गाडी खाली बसायला गेली की ते तिला वर ढकलतात. आधी गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आत माणसं बसवायची, आणि मग आवळायचं. डेपोत आम्ही दहा जण बसमध्ये बसायचो, तेव्हा मिस्त्री पान्याला हात लावायचा."

मेहुणेराजांचे त्रेचाळीस व्हिडिओ क्षणात खाक जाहले. मग चारही चाकांखाली जाड फळ्यांचे ओटे रचिले, गाडी त्यांवर घेतली, आणि ते सर्व नट सैल केले, तो गाडी हुश्श करून दोन बोटे खाली बसली. आता डॉक्टर पाना घेऊन खाली, मेहुणेराजे पलीकडून बोल्ट धरून खाली. ड्रायव्हरचे जागी वजन म्हणून पत्नी बसल्या. किती वजन, हे विचारावयाची छाती कोणाची जाहली नाही. शेजारची जागा रिकामी राहिली.

पत्नींनी काच खाली करून सांगितले, "बाबा, आता तुम्हीच या."

"मी त्या गाडीत बसत नाही, माहीत आहे ना तुला?"

"मग बसू नका. सामान म्हणून या."

तीर्थरूपांनी मटारांचे ताट बाजूस ठेविले. गाडीखालून चार पाय बाहेर आलेले, ते चारही स्तब्ध जाहले. दार उघडल्याचा आवाज आला, गाडी उजवी-डावी किंचित हलून समान बसली, आणि वरून आज्ञा आली, "सामान बसलंय. आवळा आता." डॉक्टरांचे डोळ्यांत त्या समयी पाणी आले. त्यांनी पुढे गंज पडला ऐसे सांगितले, परंतु गंज सर्व मागील रविवारीच झाडून जाहला होता.

नट आवळून जाहले, पत्नी उतरल्या, डॉक्टर हात पुसून त्यांचे जागी बसले. सामान उतरले नाही. उतरावे काय, ऐसे कोणी विचारिलेही नाही.

नवे पॅड डिस्कवर बसावे म्हणून साठच्या वेगातून दहावर, ऐसे दहा वेळा ब्रेक दाबावे लागतात. त्यास कारखान्यांमागील मोकळा सरळ रस्ता मुक्रर केला. गतिरोधकावर गाडी पाण्यावरून गेल्याप्रमाणे गेली. पहिले वेळी ब्रेक लागला आणि तीर्थरूपांची टाच मॅटवरील जुन्या खळग्यात घट्ट रुतली. दुसरे, तिसरे वेळी तसेच. पाचवे वेळी पाय नुसता उचलला आणि परत ठेविला. सातवे वेळी खिडकीबाहेर पाहून म्हणाले, "हळू सोड. शेवटाला ब्रेक थोडा सोडला की उभा माणूस पडत नाही." डॉक्टरांनी आठवे वेळी तसे केले. दहावे वेळी तीर्थरूप उजवा पाय डाव्यावर टाकून बसलेले होते.

परत दाराशी आल्यावर तीर्थरूप म्हणाले, "गुरुवारी दवाखाना किती वाजता?"

"अकराला, बाबा."

"मग दहालाच निघू. त्या कंडक्टरलाही एक चक्कर मारून आणू."

येणेप्रमाणे मोहीम दोन रविवारांत, तीन सोललेली बोटे, एक आरसा आणि एक ताट मटार खर्ची पडून फत्ते जाहली, हे सर्वांचे समक्ष दप्तरी नमूद केले असे. गुरुवारी साडेदहाची बस वेळेवर सुटली. तीर्थरूप तीत नव्हते.