माईंच्या मरणाची तीन पानं

गेल्या चैत्रात कुमुदिनी खांबेटे यांची बदली दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या फोटोत झाली. दिवाणखाना अर्थात मालिकेतला, घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवरचा. तिथे अठरा वर्षं त्यांनी इनामदारांच्या घरातल्या माईंची भूमिका केली होती. बदलीचं पत्र सकाळी नऊला आलं आणि साडेनऊला त्या फ्रेममध्ये बसल्यासुद्धा होत्या.

मी या मालिकेचे संवाद लिहिते, त्यामुळे कारण मला ठाऊक आहे. मालिका दाखवते वाहिनी, पण चालवतं टवटवी क्रीम. टवटवीवाल्यांनी पाहणी केली आणि कळवलं, की क्रीम घेणाऱ्या मुली अठरा ते तीसच्या असतात आणि पडद्यावर सुरकुती दिसली की त्यांचा क्रीमवरचा विश्वास उडतो. लगेच नियम झाला. पस्तिशीपुढच्या बाईच्या चेहऱ्याला क्लोजअप मिळणार नाही. कुमुदिनीबाई एकसष्ट वर्षांच्या. मग माई वारल्या असं ठरलं आणि घर सांभाळायला त्यांची सख्खी धाकटी बहीण म्हणून तन्मयी गोरक्षकर आली. तन्मयी सत्तावीस वर्षांची आहे आणि मालिकेतला तिचा भाचा, म्हणजे माईंचा मुलगा, एकतीस वर्षांचा. याबद्दल कोणी तक्रार केली नाही, भाच्यानेही नाही.

फ्रेम दीड फूट बाय दोन फूट होती. बसायला आत पाट दिला होता. टेक चालू असताना पापणी लववायची नाही, चंदनाचा हार काढायचा नाही, चहा दोन टेकच्या मध्ये काचेची खालची कड उचलून मिळेल, असं पत्रात होतं. खांद्यांपर्यंतच्या भागाची सोय बरी होती. त्याखालच्या भागाचा उल्लेख नव्हता.

कुमुदिनीबाईंनी पहिला आठवडा निमूट काढला. घरातली माणसं येऊन त्यांच्यापुढे रडायची, सल्ला मागायची, सुनांच्या चुगल्या करायची, आणि त्या मी लिहून दिल्याप्रमाणे मंद हसायच्या. दुसऱ्या सोमवारी मी चहा द्यायला काच उचलली तेव्हा त्यांनी कप बाजूला सारला.

"उज्ज्वला, मी मेले कशी गं?"

मी खाली बघितलं. त्यांचं मरण मीच लिहिलं होतं. भाच्याला फोन येतो, तो म्हणतो, "काय? माई गेली?" आणि फोन खाली पडतो. एवढंच. वाहिनीने तेवढंच मागितलं होतं आणि मी मुकाट्याने लिहून दिलं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन सुना आणल्या, दोनदा जिन्यावरून गडगडले, एकदा स्मृती गेली ती अकरा महिने आली नाही. आणि मरण फोनवर? तेसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून?"

"बदलीच्या आधीच मागायला हवं होतंत, माई."

"पाळंदे म्हणाला, दोन दिवस बसा, मग बघू. मी आपली चढले. तिथेच चुकलं माझं." त्यांनी हार सारखा केला. "मला मरायचंय. नीट, कॅमेऱ्यासमोर. तीन पानं पाहिजेत. दोनांत नाही होत."

अद्वैत पाळंदे म्हणजे वाहिनीचा कार्यक्रमप्रमुख. वय बत्तीस. शाळेत असताना आजीच्या शेजारी बसून त्याने हीच मालिका बघितली होती, असं तो प्रत्येक पार्टीत सांगतो. मी अर्ज लिहिला, कुमुदिनीबाईंनी काचेच्या कडेतून हात काढून सही केली, आणि पाळंदे सुनावणीसाठी सेटवर आला. फोटोसमोर येताच त्याने सवयीने हात जोडले.

"माई, अडचण समजून घ्या. मरणाला क्लोजअप लागतो. क्लोजअपला पस्तिशीची अट आहे."

"म्हणजे मी मेलेली नाही, असं धरायचं?"

"कागदोपत्री मेलेल्या आहात."

"मग न मरताच गळ्यात हार घातलात?"

पाळंदेने फाइल चाळली. बराच वेळ चाळली. "हार अनियमित आहे," तो म्हणाला. "हे मान्य करावं लागेल."

आठवड्याने उत्तर आलं. हार नियमित करण्यासाठी माईंचा मरणप्रसंग पूर्वस्मृतीत दाखवण्यास मंजुरी देण्यात येत आहे. लांबी पानं तीन. वयाच्या अटीमुळे श्रीमती खांबेटे यांच्या वतीने कुमारी तन्मयी गोरक्षकर मरतील. बहिणी-बहिणींत साम्य असल्याने प्रेक्षकांची हरकत अपेक्षित नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईचं घर घेतलंत, चेहरा घेतलात, आता तिचं मरणही दुसरीला देता? मी पत्र फाडणार होते, पण कुमुदिनीबाईंनी ते मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "तीन पानं दिलीत ना? मग लिही तू."

तन्मयी मुलगी चांगली आहे. पत्र कळल्यावर ती जेवणाच्या सुट्टीत फोटोखाली येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"माई, मी नाही म्हटलं असतं, पण मग ते मलाच काढतील. आणि मला जमणारही नाही. मी कधी कोणाला जाताना बघितलेलंच नाहीये."

"बस खाली," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "माझी आई चिपळूणला दवाखान्यात गेली. मे महिना होता. मी एसटी स्टँडवरून चालत आले. तिने पाणी मागितलं. मी भांडं ओठांशी नेलं, तर म्हणाली, आधी तू पी, उन्हातून आलीस. मी प्यायले. भांडं खाली ठेवून बघते तर ती गेलेली. माणूस असं जातं. गळा धरून किंचाळत नाही."

मी ते तसंच्या तसं तिसऱ्या पानावर घातलं. इतकी वर्षं या मालिकेसाठी लिहिते आहे, पण घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवावं असं ते पहिलंच पान होतं.

गुरुवारी दुपारी चित्रीकरण झालं. पलंग फोटोच्या बरोबर खाली लावला होता. तन्मयीने दोन पानं सुरेख केली. तिसऱ्या पानावर भाच्याने भांडं तिच्या ओठांशी नेलं आणि ती थांबली. वाक्य येईना. दिग्दर्शक कट म्हणायचं विसरला.

"आधी तू पी," वरून कुमुदिनीबाई म्हणाल्या. "उन्हातून आलास."

हणमंत आमचा कॅमेरामन. मूळ गडहिंग्लजचा, अकरा वर्षं माईंना टिपतोय. त्याने कोणालाही न विचारता कॅमेरा वर फिरवला आणि सरळ क्लोजअपमध्ये गेला. कुमुदिनीबाईंनी तिसरं पान शेवटपर्यंत म्हटलं. भाच्याच्या केसांवर ठेवायचा हात त्यांनी फ्रेमच्या कडेवर ठेवला. शेवटच्या शब्दाला डोळे उघडेच राहिले, फक्त त्यांतलं बघणं थांबलं. भाचा खरोखर रडत होता. तन्मयी पलंगावर उठून बसली होती आणि वर बघत होती. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"बाई, टेक ओके हाय," हणमंत म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटून उघडले आणि चहा मागितला.

भाग दोन दिवसांनी संध्याकाळी सातला लागला. आम्ही सगळ्यांनी तो सेटवरच बघितला. दुकानातून भाड्याने आणलेला एक टीव्ही हणमंतने फोटोसमोर मांडून ठेवला, माईंना दिसावं म्हणून. तन्मयीची दोन पानं झाली. भांडं ओठांशी गेलं. आणि ब्रेक आला. एक मुलगी तोंड धूत होती, मग गालाला बोट लावत होती, मग हसत होती. टवटवी. ब्रेक संपला तेव्हा इनामदारांच्या घरी तेराव्याच्या पंगती बसल्या होत्या.

मी तिथूनच पाळंदेला फोन लावला. "तिसरं पान कुठंय?"

"तिथे टवटवीचा स्लॉट होता. पण माईंना सांगा, हार आता नियमित झालाय."

याला हरामखोरी म्हणतात. मी ती त्याला त्याच शब्दात ऐकवली. तो म्हणाला, आपण नोंद घेतली आहे.

कुमुदिनीबाईंनी हार गळ्यातून काढला आणि काचेखालून माझ्या हातात दिला. "टीव्ही बंद कर," एवढंच म्हणाल्या.

श्रावणात टवटवीने नवी पाहणी केली. आता मुली सोळाव्या वर्षीच क्रीम घेऊ लागल्या होत्या. क्लोजअपची अट पंचविसावर आली. तन्मयीला जुलैमध्ये अठ्ठावीस पूर्ण झाली होती. तिचं पत्र मंगळवारी सकाळी नऊला आलं. दुसरी फ्रेम गणपतीनंतर मिळेल, तोवर उपलब्ध फ्रेममध्येच सोय करून घ्यावी, असं खाली लिहिलं होतं. पाळंदे स्वतः स्टूल घेऊन आला.

"तन्मयी, दोन दिवस बस. मग बघू."

तन्मयीने पत्राची घडी केली, चपला काढल्या आणि एक पाय स्टुलावर ठेवला.

"थांब," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी काच स्वतःच वर उचलली आणि पाट ओढून डावीकडे सरकून बसल्या. एका माणसापुरती जागा झाली.

"जागा आहे. पण आधी तीन पानं हातात घे. चित्रीकरण होऊ दे, लागू दे, तिसरं पान टीव्हीवर तुझ्या डोळ्यांनी बघ. मग चढ. त्याआधी एक पायरी चढायची नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "उज्ज्वला, बस लिहायला."

पाळंदे म्हणाला, नियमात असं काही नाही. हणमंतने कॅमेऱ्यावरचं कापड काढलं. तन्मयीने पाय खाली घेतला, स्टूल बाजूला केलं आणि सोफ्यावर जाऊन बसली.

मी वही उघडली आणि तिसऱ्या पानापासून सुरुवात केली.