लाल शेपटीचे हुशार उंदीर

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्याइतका नेटका माणूस सगळ्या रत्नागिरीत दुसरा नसेल, असं माझं ठाम मत होतं. माझा पीएच.डी.चा प्रयोगही सरळ होता. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते. तिच्यातल्या पेप्टाइडचं इंजेक्शन दिलं, तर ताणाखालचे उंदीर जास्त चांगलं शिकतात का, एवढंच बघायचं. दहा उंदरांना पेप्टाइड, त्यांच्या शेपटीला हिरवी खूण. दहांना नुसतं मिठाचं पाणी, त्यांना लाल. रोज तासभर सगळ्यांना अरुंद नळीत बसवून ताण द्यायचा आणि महिनाअखेरीस लाकडी चक्रव्यूहात खाऊ शोधायला सोडायचं. हिरवे पुढे, लाल मागे, की माझा प्रबंध तयार.

निकाल उलटा लागला. हिरवे कोपऱ्यात मिशा चोळत बसले आणि लाल वीस सेकंदांत खाऊपाशी!

मी चक्रावलो. बाटल्या तपासल्या, लेबलं तपासली, कुठेच चूक नव्हती. मग उरलं फक्त ते पाणी. कुतूहल मला गप्प बसू देईना, म्हणून मी घरी रोज सकाळी ग्लासभर मिठाचं पाणी प्यायला लागलो. चौथ्या दिवशी माझी बायको आर्या म्हणाली, "बुद्धी वाढली असेल, तर चष्मा फ्रीजमधून काढ."

तरीही मी माझ्या मार्गदर्शकांना, परशुराम सरांना, सांगून टाकलं, "सर, मोठा शोध लागलाय."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही," सर म्हणाले. "आणि खोटा निघाला, तर तुझी तीन वर्षं गेली समज."

सर आले. मी लाल उंदीर सोडला. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला, पोचलासुद्धा. पण खाऊला तोंड न लावता मागच्या पायांवर उभा राहून दाराकडे बघू लागला. दारात पिंजरे साफ करणाऱ्या कमळामावशी उभ्या होत्या. सवयीने त्यांचा हात कनवटीला गेला आणि सुकटीचा तुकडा बाहेर आला.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"तूच नाय का सांगितलंस, लालवाल्यांना नुसतं पाणी टोचतो म्हणून? बिचारे मागं पडणार नायत तर काय? तू जेवायला गेलास, की मी त्यांची शिकवणी घेते."

"आणि हिरवे?"

"त्यांना औषध हाय ना. त्यांना कशाला शिकवणी?"

सरांनी माझी वही मागितली आणि पानापानावर तिरकी रेघ मारत गेले. हुकूम सुटला: नवे उंदीर, नवा महिना, दाराला कुलूप. मग ते मावशींकडे वळले.

"मावशी, ह्यालाही घ्याल का शिकवणीला?"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घेईन सर. पण उंदरांएवढी प्रगती होईल, असं कबूल नाय करत."