मारोतरावांच्या दारावरची नोटीस

आमच्या मारोतरावांना कोणी ‘जेवायला या’ म्हणालं, की ते विचारायचे, “तोंडी बोलावणं का लेखी?” तोंडी असेल तर जायचे नाहीत. शेजारच्या आक्कानं एकदा वैतागून चिठ्ठीच पाठवली, ‘आज पुरणपोळी आहे.’ जेवून उठल्यावर त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं, ‘पोळी पोचली. तक्रार नाही.’ खाली सही.

मारोतराव म्हणजे वसमतच्या आमच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांचे भाडेकरू. कोर्टात बेलीफ होते. तीस वर्षं लोकांच्या दारांवर समन्स डकवले, हुकूम निघाला की माणसांची घरं खाली करून घेतली. रिटायर झाले तेव्हा बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. उरलं काय, तर खळीचा डबा, एक ब्रश आणि लाल पेन.

मी तेव्हा अवघी चोपन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला त्या दोन खोल्या हव्या झाल्या. आमचे हे म्हणाले, “जरा दमानं घे.” मी दमानं घ्यायची ते फक्त पुरण वाटताना. पदर खोचला आणि गेले.

“भाऊजी, खोल्या खाली करा.”

“तोंडी चालत न्हाई, वहिनी. लेखी द्या.”

लिहिलं. शाळेत निबंधाचं बक्षीस मिळवलेली बाई मी! ‘आदरणीय’पासून सुरू केलं, ‘आपली नम्र’वर संपवलं, मधे खोल्यांचं लिहायचंच राहून गेलं. संध्याकाळी कागद परत आला, लाल शाईनं माखलेला. ‘तारीख नाही. कारण नाही. कोणाला काढायचं ते नाही. पुन्हा लिहा.’

तीनदा लिहिलं. चौथ्यांदा मारोतरावच म्हणाले, “आणा इकडं. तुमच्यानं व्हायचं न्हाई.” आणि स्वतःला घराबाहेर काढायची सुरेख नोटीस त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. मैद्याची खळ शिजवली. दूधवाला आणि आक्का, असे दोन पंच उभे केले. कागद स्वतःच्याच दारावर डकवला, आत गेले, दार लावलं, पुन्हा उघडलं, नोटीस वाचली अन् म्हणाले, “मला मान्य न्हाई.”

“आता?”

“आता तुमी कोर्टात जायचं. तुमची गरज खरी हाय का, ते साहेब बघतील. हुकूम आला तर मीच सामान बाहेर ठेवतो. पण हुकमाबिगर भाडेकरूला कोणी काढू शकत न्हाई. मालकीणबी न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. तडक गच्चीवर चढले आणि त्यांच्या पाण्याचा कॉक बंद केला. उतरताना साडी पायात आली, शेवटच्या तीन पायऱ्या बसूनच उतरले. कोणी पाहिलं नाही, अशी माझी समजूत.

तासाभरानं मारोतराव दारात, हातात कागद. “वहिनी, भाडेकरूचं पाणी तोडणं गुन्हा हाय. तुमच्यावर तक्रार लिवली. समदं बराबर हाय का बघा.”

मी शहाणी! चष्मा लावून बघितलं. माझं वय साठ लिहिलं होतं. ते खोडून चोपन्न केलं आणि शेजारी सही ठोकली.

“पायऱ्यांवर जास्त लागलं न्हाई ना?” त्यांनी हळूच विचारलं. जाता जाता थांबले. “तीस वर्षं लोकांचं सामान रस्त्यावर काढलं, वहिनी. पण पाण्याचा माठ शेवटी काढायचो. भरलेला.”

मी पुन्हा गच्चीवर गेले, या वेळी साडी सांभाळून, आणि कॉक उघडला.

पुढं मुलाला नांदेडला नोकरी लागली. सून तिकडंच रमली. खोल्यांची गरज संपली, नोटीस मात्र दारावर पिवळी पडत राहिली. एक दिवस मारोतराव आले. “वहिनी, जुनी झाली. नवी देणार का?”

“अहो, मला खोल्या नकोत आता!”

“नसू द्या. तुमी लिवा तर खरं. चुका मी काढतो.”

तेव्हापासून दर दिवाळी सरली की मी नोटीस लिहिते, ते लाल शाई ओततात, चहा होतो, खळ शिजते. कारण दरवर्षी नवं. ‘भाडेकरू घोरतात.’ नामंजूर. ‘भाडेकरूंच्या झुणक्याचा वास येतो, वाटी येत नाही.’ कायद्यात बसत नाही म्हणून तेही नामंजूर. वाटी मात्र दुसऱ्या दिवशी आली.

आमचे हे गेले त्या वर्षी मी काही लिहिलं नाही. तेरावा झाल्यावर मारोतराव एक कोरा कागद आणि पेन माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेले.

यंदा उलटंच झालं. ते न्हाणीत घसरले. हाड वाचलं, पण धीर गेला. आठ दिवसांनी काठी टेकत आले आणि मलाच कागद दिला. ‘मी महिनाअखेर दोन्ही खोल्या खाली करून देत आहे.’

“काहून?” मी विचारलं.

“एकटा माणूस, वहिनी. उद्या काही झालं तर तुमच्या जिवाला तकलीफ. वृद्धाश्रमात जागा बघून आलो.”

मी उत्तर दिलं नाही. तोंडी चालत नाही ना! फक्त त्यांच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं.

ते गेल्यावर मी लिहायला बसले. ‘तारीख नाही. कारण पटत नाही. मालकिणीची गरज खरी आहे. अर्ज नामंजूर.’ मग आयुष्यात पहिल्यांदा खळ शिजवली. कागद त्यांच्या दारावर डकवला आणि दार ठोकलं.

मारोतराव बाहेर आले. चष्मा लावून त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. वरचा एक कोपरा सुटून आला होता, तो अंगठ्यानं दाबून धरत ते बराच वेळ दाराकडंच तोंड करून उभे राहिले.

“खळीत गुठळ्या झाल्यात, वहिनी,” ते म्हणाले.