कादरभाईंचे अँपिअर

२०२४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बजाजनगरातले आमचे शेजारी कादरभाई चहाला आले की कपाला हात लावायच्या आधी आमच्या फ्रिजला मीटर लावायचे.

कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेला माणूस. राहायला एकटेच. हातात चिमट्याचा मीटर, खिशात खडू. तार चिमट्यात धरायची, अँपिअर वाचायचे, की लगेच भिंतीवर हिशोब. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की वॅट. एका लग्नात नवरदेवाला आहेर देताना म्हणाले, "बेटा, तुमचा कूलर साडेतीनशे वॅट खातो. खूश रहो."

"पयले मोजा, मग बोला," हे त्यांचं पालुपद.

मी न मोजता बोलणारा. आमच्या विजेच्या शेगडीची कॉइल जळाली की जळका तुकडा तोडायचा, उरलेली ताणून परत अडकवायची, हे मी वर्षानुवर्षं केलं. शेवटी कॉइल निम्मीच उरली. कॉइल निम्मी तर वीजही निम्मी, असं माझं ठाम मत. फ्यूज सारखा उडायला लागला, तर त्यात जाड तार घातली.

कादरभाईंनी शेगडी मोजली आणि आमच्या दाराशेजारी भिंतीवर लिहिलं.

"दादाराव, नवी होती तवा पाच अँपिअर. दोनशे तीसला पाचनं भागा, शेहेचाळीस ओहम. आता दहा ओढती, म्हंजे तेवीस ओहम. कॉइल कमी झाली, अडवणारं कमी झालं, करंट डबल. तेवीसशे वॅट! अन सॉकेट सहा अँपिअरचं. भाभीचा हात रोज तिथंच जातो, मियाँ."

तीन-चार शेजारी ऐकत उभे. माझं डोकंच फिरलं.

"मला शाळा शिकवू नका! घरात कोणी इचारायला नाय म्हणून दारोदार मोजत हिंडता व्हय?" असं म्हणून मी ओल्या फडक्यानं सगळा हिशोब पुसला.

ते मीटर उचलून घरी गेले. पण दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाच्या वेळेला खुर्ची घेऊन जिन्याखाली बसायला लागले, आमच्या मेन स्विचशेजारी. सकाळ-संध्याकाळ. चहा-पावही तिथंच.

"धरणं धरलंय म्हाताऱ्यानं," मी बायकोला मुद्दाम मोठ्यानं म्हणालो.

"अहो, ऐकतील ना ते!" सुमन म्हणाली.

"ऐकू दे की."

चौथ्या दिवशी संध्याकाळी सुमन शेगडीचं बटण दाबायला गेली अन सॉकेटमधून भडका उडाला. तिची किंकाळी संपायच्या आत घरातली वीज गेली. बाहेर कादरभाईंनी मेन स्विच ओढला होता. धरणं नव्हतं ते. चार दिवस तो माणूस पहारा देत होता.

सुमनची दोन बोटं भाजली. कादरभाईंनी आत येऊन त्यांवर पाणी ओतलं.

"आज खिचडी मी टाकतो," एवढंच म्हणाले. मग तांदळाच्या डब्यापाशी जाऊन तसेच उभे राहिले. "दादाराव, एकट्याची मूठ ठाऊक आहे. तिघांना किती लागतात हो?"

माझी मान वर झाली नाही. सुमननंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कादरभाईंच्या दारात गेलो. तेच शेजारी नळावर होते. ते पाणी भरून जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं, पण थांबलो नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कादरभाई, मला भागाकार येत नाय. लाज वाटली म्हणून तुमचा हिशोब पुसला." आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसलो.